राखेचा थर आणि दग्ध नगराची कल्पना : ब्रह्मपुरी, शनिवारवाडा व भोकरदन यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्राचीन नगरांविषयीच्या लेखनात एक विधान वारंवार आढळते. उत्खननात राखेचा जाड थर लागला, त्यात कोळसा झालेली लाकडे व भाजून लाल झालेली माती मिळाली, त्यावरून सदर नगर आगीत भस्मसात झाले असावे, असे ते विधान होय. पाठ्यपुस्तकांत पोहोचेपर्यंत त्यातील ‘असावे’ गळून पडते आणि विद्यार्थी परीक्षेत ‘नगर शत्रूने जाळले’ असे लिहून मोकळा होतो. हे विधान इतके परिचित झाले आहे की ते वाचताना कोणी थबकत नाही. वस्तुतः त्यात चार वेगवेगळी विधाने एकमेकांत मिसळलेली असतात. खणलेल्या जागी आग लागली होती, हे पहिले. ती आग साऱ्या वस्तीत पसरली होती, हे दुसरे. त्या आगीमुळेच वस्ती संपली, हे तिसरे; आणि ती आग कोणीतरी हेतुपुरस्सर लावली, हे चौथे. मातीतील पुरावा बहुधा पहिल्या विधानापुरताच बोलका असतो. उरलेल्या तिन्हींसाठी स्वतंत्र पुरावा लागतो, आणि तो नसताना ती विधाने केली जातात. प्रस्तुत लेखात या सवयीची चिकित्सा महाराष्ट्रातील काही स्थळांच्या आधारे केली आहे.

ब्रह्मपुरीचा दाखला

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीपासून सुरू व्हावी हे स्वाभाविक आहे. पंचगंगेच्या काठावरील या टेकाडात १९४४-४५ मध्ये प्रा. कुंदणगार यांच्या कामात कांस्य वस्तूंचा मोठा संचय हाती लागला. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि १९५२ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. सातवाहन काळातील विटांची घरे, नाणी, मणी, मृद्भांडी यांमुळे एका संपन्न नगराचे चित्र उभे राहिले. कांस्य वस्तूंपैकी समुद्रदेवता पोसायडनची छोटी मूर्ती तर जगप्रसिद्ध झाली. ती रोमन जगातून आलेली असून आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाचे भूषण आहे. त्या संचयातील काही वस्तू रोमन बनावटीच्या आणि पुष्कळशा एतद्देशीय आहेत.

या नगराचा सातवाहनकालीन अध्याय आगीने संपला, अशी मांडणी उत्खननोत्तर लेखनात रूढ झाली. ती सर्वस्वी निराधार आहे असे येथे म्हणावयाचे नाही. चाळीसच्या दशकात, मोजक्या साधनांनिशी आणि मर्यादित क्षेत्रात काम करणाऱ्या सांकळियांसारख्या संशोधकाने थर ओळखण्याची जी शिस्त महाराष्ट्रात आणली, तिच्यामुळेच आज हा प्रश्न विचारता येतो. परंतु प्रश्न विचारला पाहिजे. नदीकाठच्या एका टेकाडावरील काही खड्ड्यांत लागलेला जळका थर सबंध नगराविषयी किती सांगू शकतो?

कांस्य संचयाचेच उदाहरण घ्यावे. दग्ध नगराच्या कथेत हा संचय मोठा चपखल बसतो : आग लागली, घरधनी पळाला, मौल्यवान भांडी तशीच राहिली. पण कांसे सुमारे साडेनऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि त्याहून कमी तापमानातही पातळ पत्र्याची भांडी वाकतात, त्यांचा आकार बिघडतो. वस्तू सुस्थितीत मिळाल्या असतील तर त्या जमिनीत पुरून ठेवलेल्या होत्या, की आग त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही, की त्या ठिकाणचा जाळ तितका प्रखर नव्हता, हे ठरवावे लागते. यांतील प्रत्येक पर्यायातून वेगळी कथा निघते. त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा की आगीनंतर माणसे परत येतात. आजही एखाद्या गावात घर जळाले की दुसऱ्या दिवशी घरची मंडळी राख उपसून भांडी, दागिने, पेटीतील चांदीचे तोडे शोधतात. कांस्याचा एवढा मोठा साठा कोणी उकरून नेला नाही, ही बाब आगीविषयी फारसे सांगत नाही, ती माणसांच्या न परतण्याविषयी सांगते. मालक मेला, परागंदा झाला, की साठ्याची जागा ठाऊक असलेला कोणीच उरला नाही? वस्तीच्या अंताचा खरा पुरावा या न परतण्यात आहे, आणि त्याचे कारण आगीत शोधावे की अन्यत्र, हा प्रश्न राखेवरून सुटत नाही. पंचगंगेचे पूर कोल्हापूरकरांना नवे नाहीत. २००५, २०१९ व २०२१ मध्ये शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, पण म्हणून कोल्हापूर संपले नाही.

या काळातील राजकीय घडामोडींमुळे चौथ्या विधानाचा मोह विशेष होतो. क्षत्रप नहपान व गौतमीपुत्र सातकर्णी यांचा संघर्ष नाशिकच्या लेण्यांतील बलश्रीच्या लेखातून आणि १९०६ मध्ये सापडलेल्या जोगळटेंभीच्या नाणेनिधीतून सर्वांना परिचित आहे. नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप उमटवला, हे दृश्य इतके प्रभावी आहे की त्या कालखंडातील कोणताही जळका थर दिसताच त्यावर क्षत्रपांचा किंवा सातवाहनांचा छाप मारण्याची घाई होते. कोल्हापूर परिसरात मिळणाऱ्या विळिवायकुर, शिवालकुर आदी राजांच्या नाण्यांवरही अशी पुनर्मुद्रणे आहेत. नाण्यावरचा दुसरा छाप सत्तांतर सिद्ध करतो. सत्तांतर झाले म्हणून नगर जळलेच पाहिजे असे नाही.

शनिवारवाडा : कागदपत्रे नसती तर

मातीच्या पुराव्याची मर्यादा पारखून घेण्यासाठी जिची तारीख निश्चित माहीत आहे अशी आग उपयोगी पडते. पुण्याचा शनिवारवाडा हे महाराष्ट्रातील असे सर्वोत्तम उदाहरण आहे. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांनी पायाभरणी केली, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. पुढच्या पिढ्यांनी इमारती वाढवल्या. जोते दगडी, वरचे मजले वीट-लाकडाचे, अशी मराठेशाहीतील वाड्यांची रचना येथेही होती. १८१८ मध्ये पेशवाई संपली. वाडा इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतील सारे महाल जळाले. आठवडाभर आग धुमसत होती असे सांगितले जाते. आज उरले आहेत ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती.

आता अशी कल्पना करावी की पेशवाईतील एकही कागद उरलेला नाही, बखरी नाहीत, इंग्रजांचे अहवाल नाहीत, आणि हजार वर्षांनी एखादा पुरातत्त्वज्ञ या जागी खणतो आहे. त्याला दगडी जोत्यावर जळक्या सागाचा, फुटक्या विटांचा, राखेचा थर मिळेल. त्याखाली मराठी नाणी, त्यावर कंपनी सरकारची नाणी मिळतील. तो काय लिहील? मराठ्यांची राजधानी परकीय आक्रमकांनी जिंकली आणि राजवाडा जाळला. त्याच्या दृष्टीने हे अनुमान निर्दोष ठरेल. सत्तांतर खरे, आग खरी, दोन्हींचा काळही जवळपास एकच. प्रत्यक्षात पेशवाईचा शेवट आणि वाड्याची आग यांत दहा वर्षांचे अंतर आहे, आणि आग लागली तेव्हा जिंकणाऱ्यांचाच अंमल तेथे होता. त्याआधी कलेक्टर हेन्री डंडास रॉबर्टसन याच वाड्यात राहत असे आणि वाड्याचा काही भाग तुरुंगासाठी वापरला जात होता. दहा वर्षांचे हे अंतर मातीला कळत नाही. कर्ब-१४ कालमापनात दशकांची अनिश्चितता असते. शिवाय जुन्या सागाच्या तुळईचे वय मोजले तर झाड वाढत असतानाचा काळ मिळतो, जळण्याचा नव्हे. १८१८ आणि १८२८ वेगळे ठेवणे त्या पुरातत्त्वज्ञाला अशक्य आहे. मग इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील एखाद्या आगीला त्याच शतकातील एखाद्या लढाईशी जोडताना आपण कोणत्या आधारावर इतके निश्चिंत असतो?

शनिवारवाडा आणखी दोन गोष्टी शिकवतो. आग निवडून निवडून जाळते, ही पहिली. आतील बहुमजली महाल गेले, पण दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना लाकडी बांधणीसह उभा राहिला. आपल्या कल्पित पुरातत्त्वज्ञाने दरवाज्यापाशी खड्डा घेतला तर त्याला आगीचा मागमूस लागणार नाही. वाड्याच्या मध्यभागी घेतला तर सारे पुणे जळाले असे वाटेल. वास्तविक १८२८ मध्ये वाडा जळाला, पुणे शहर नव्हे. उलट पक्षी, १७६३ मध्ये निजाम अलीच्या फौजांनी पुणे लुटले व घरे जाळली, ती आग खऱ्या अर्थाने शहरावरची होती. त्याच वर्षी १० ऑगस्टला राक्षसभुवनावर मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, हे मराठवाड्यातील वाचकांस सांगावयास नको. त्या जाळपोळीनंतर पुणे संपले का? पेशवाईच्या उत्तरार्धातील पुणे, नाना फडणविसांच्या काळातील पेठा, वाडे, बागा या सगळ्या १७६३ नंतरच्या आहेत. शहराचा सर्वांत भरभराटीचा काळ जळक्या थराच्या वर आहे.

दुसरी गोष्ट अधिक खेदाची आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत शनिवारवाडा संरक्षित झाला आणि आतील जागा मोकळी करून जोती, हौद, कारंजी उघडी करण्यात आली. त्या काळच्या दृष्टीने हे काम मोलाचे होते आणि वाड्याचा नकाशा आज कळतो तो त्यामुळेच. परंतु जोते उघडे झाले याचा अर्थ त्यावरचा ढिगारा हलला. कोणती भिंत कोणत्या बाजूला पडली, छत आधी कोसळले की जमीन आधी तापली, कोणत्या दालनात जाळ जास्त होता, ही सारी माहिती त्या ढिगाऱ्यात होती. वास्तूच्या शोधात आगीचे अवशेष केरासारखे बाजूला झाले. आपल्याकडील पुरातत्त्वात हे वारंवार घडले आहे. थर जळका दिसला की त्याचा अर्थ लावून घेतला जातो, मात्र त्याची नोंद होत नाही.

शहराची आग मातीत कशी ओळखावी याचा धडा लंडनमध्ये मिळतो. आजच्या लंडनच्या खाली रोमन काळातील लाल जळक्या मातीचा थर असंख्य ठिकाणी, सारख्या पातळीवर आढळतो. इ. स. ६०-६१ मधील बूडिका राणीच्या उठावाशी तो जोडला जातो, कारण त्या उठावाचे लिखित वर्णन उपलब्ध आहे. पण सुमारे साठ वर्षांनी, सम्राट हेड्रियनच्या काळात, लंडन पुन्हा जळाले. या दुसऱ्या आगीविषयी कोणत्याही रोमन लेखकाने एक शब्द लिहिलेला नाही. ती केवळ मातीतून कळते. दोन्ही थर दिसायला सारखेच आहेत. पहिला बंडखोरांचा, दुसरा बहुधा अपघाताचा. बूडिकाची हकिगत लिहिली गेली नसती तर दोहोंत फरक करण्यास काहीही आधार नव्हता, आणि दोन्ही वेळा शहर पुन्हा उभे राहिले. मोहेंजोदडोच्या बाबतीत हीच चूक वेगळ्या रूपात झाली. मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथील सांगाड्यांवरून आर्यांच्या हल्ल्याचा निष्कर्ष काढला आणि १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी ते सांगाडे एका वेळचे, एका थरातले नाहीत हे दाखवून ती कल्पना मोडीत काढली. एककालीनत्व सिद्ध न करता संहार सिद्ध करता येत नाही, हा तेथील धडा आगीलाही तंतोतंत लागू आहे.

राख म्हणजे आग, आग म्हणजे विनाश?

राखेविषयीचा आपला समज मुळात शहरी आहे. गॅसच्या शेगडीवर स्वयंपाक करणाऱ्यास राख ही असाधारण वस्तू वाटते. ज्या वस्तीत शेकडो वर्षे रोज दोन वेळा चूल पेटली, कुंभाराचा आवा लागला, लोहाराचा भाता चालला, तेथे राख हीच मुख्य निपज होय. ती उकिरड्यावर गेली, उकिरडा वाढला, त्यावर पुढच्या पिढीने घर बांधले. दक्षिण दख्खनमधील राखेची टेकाडे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहेत. त्यांविषयी ज्वालामुखीपासून राक्षसांच्या चितांपर्यंत तर्क लढवले गेले होते. उटनूरच्या उत्खननाच्या आधारे रेमंड ऑल्चिन यांनी १९६३ मधील आपल्या ग्रंथात ती नवाश्मयुगीन गुराख्यांच्या गोठ्यांतील शेण पुनःपुन्हा पेटवल्याने तयार झाली असल्याचे दाखवले. कित्येक फूट जाड राख, आणि तिच्यात विनाश कोठेही नाही.

तेव्हा राखेपेक्षा विश्वसनीय पुरावा कोणता? जळक्या घराची माती. मराठवाड्यातील माळवदाचे घर आणि कुडाचे घर वेगवेगळ्या रीतीने जळते हे येथील कोणत्याही वृद्ध गवंड्यास ठाऊक असते. कुडाच्या भिंतीत काड्या-तुराट्यांवर शेणमातीचा गिलावा असतो. आग लागली की आतील काड्या जळून जातात, गिलावा भाजून विटेसारखा होतो आणि त्यावर काड्यांचे ठसे कायमचे उमटतात. न जळालेल्या कुडाची माती पावसाने विरघळून जाते. असा ठसा असलेला भाजका गिलावा मोठ्या प्रमाणावर मिळाला तर भिंत जळाली याविषयी शंका उरत नाही. माळवदाचे तसे नाही. तुळया, त्यांवर फळ्या, पालापाचोळा आणि वर हातभर पांढरी माती अशी त्याची रचना. तुळई जळून तुटली की सगळी माती आत कोसळते आणि पुष्कळदा आगच विझवते. खाली सापडलेले धान्य हवा न मिळाल्याने राख न होता कोळसा होते आणि हजारो वर्षे टिकते. म्हणून कोळसा झालेल्या धान्याने भरलेली रांजणे, त्यांवर कोसळलेले छत आणि त्याखाली तापून लाल झालेली जमीन, ही मांडणी मिळाली तर घर जळाले असे निःशंक म्हणता येते. अनेक घरांत, एकाच पातळीवर, एकाच प्रकारच्या मृद्भांड्यांसह ती मिळाली तर वस्ती जळाली असे म्हणता येते. त्यासाठी आडवे, विस्तृत उत्खनन लागते. इनामगावी १९६८ ते १९८३ या काळात असे काम झाले, शंभराहून अधिक घरे उघडी झाली, आणि म्हणूनच डॉ. म. के. ढवळीकरांना त्या वस्तीच्या ऱ्हासाची चर्चा शत्रू किंवा आग यांच्याऐवजी पर्जन्यमान, पिके आणि बदलती राहणी यांच्या आधारे करता आली. उभ्या खड्ड्यातून काळाचा क्रम कळतो, वस्तीचे प्राक्तन कळत नाही.

भोकरदनची पांढरी

हा विषय जालना जिल्ह्यास परका नाही. केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहूत व सांची येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव व मराठवाडा विद्यापीठाचे डॉ. र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन झाले आणि पुढच्याच वर्षी अहवाल प्रसिद्ध झाला. अहवालांची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागणाऱ्या या क्षेत्रात ही तत्परता विरळ आहे. येथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी असलेले साम्य सर्वज्ञात आहे.

या साम्याचा अभिमान बाळगताना त्यातील एक महत्त्वाची बाजू दुर्लक्षित राहते. पाँपेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेली. ती मूर्ती त्या वर्षापूर्वी तेथे पोहोचलेली होती, एवढे निश्चित. त्यामुळे दख्खनमधील या हस्तिदंती शैलीला एक पक्की कालमर्यादा मिळते, जी भोकरदनच्या मातीतून मिळणे कठीण होते. तारीख माहीत असलेल्या विनाशाचा खरा उपयोग हा आहे. तो एका क्षणावर शिक्कामोर्तब करतो. ब्रह्मपुरीच्या जळक्या थराकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. कोणी जाळले हा प्रश्न बाजूला ठेवून, त्या छताखाली एकाच वेळी काय काय वापरात होते, कोणते धान्य होते, कोणती नाणी सोबत फिरत होती, याची यादी झाली तर दख्खनच्या कालक्रमाला एक भक्कम खुंटी मिळेल. शत्रूचे नाव शोधण्याच्या नादात हा लाभ हातचा जातो.

मात्र भोकरदनचे प्राचीन टेकाड आजच्या गावाच्या खालीच आहे आणि तेथे विस्तृत आडवे उत्खनन करणे व्यवहारतः शक्य नाही. जिल्ह्यातील इतर टेकाडांची अवस्था याहून नाजूक आहे. जालना-भोकरदन रस्त्यावरील केदारखेड्यासह पूर्णेच्या खोऱ्यातील गावांत जुन्या वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. काळ्या रानात उठून दिसणाऱ्या या मातीचा पांढुरकेपणा राख, चुना व शेकडो वर्षांच्या कुजलेल्या केरकचऱ्याने आलेला असतो. पांढरीची माती माळवदावर टाकण्यासाठी, भिंतींसाठी आणि खत म्हणून शेतात पसरण्यासाठी पिढ्यान्पिढ्या नेली जात आली आहे. पूर्वी ती बैलगाडीने जात असे, आता ट्रॅक्टरने व जेसीबीने जाते. राखेचे प्रमाण जितके अधिक तितकी ती खत म्हणून चांगली, म्हणून जळक्या थरांनाच पहिला फावडा लागतो. ग्रामस्थांना यासाठी दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. ज्या पांढरीची कोणतीही नोंद शासनाने किंवा विद्यापीठाने केलेली नाही, तिची माती मौल्यवान आहे हे त्यांना कोण सांगणार?

तथापि माती काढल्याने टेकाडाला जी उभी कड पडते ती आयता छेद असते. पावसाळ्यानंतर, कड ताजी असताना, मोजपट्टी लावून तिचे छायाचित्र घेणे, थरांची जाडी व रंग लिहून ठेवणे, लाल भाजक्या मातीचा पट्टा किती लांब धावतो आणि कोठे तुटतो हे मोजणे, ठसे असलेले गिलाव्याचे तुकडे आहेत की नुसती राख आहे ते नोंदवणे, यासाठी उत्खननाचा परवाना लागत नाही. एखादे खापर उचलण्याचीही गरज नाही. ग्रामीण महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना पदव्युत्तर प्रकल्पांसाठी विषय हवे असतात आणि त्यांचे विद्यार्थी याच गावांतून येतात. त्यांच्या घराचे माळवद ज्या मातीचे आहे ती कोणत्या टेकाडातून, टेकाडाच्या कोणत्या बाजूने आणि साधारण कोणत्या वर्षी आणली, हे त्यांच्या आजोबांना बहुधा अजून सांगता येते.